फरशीवर उतरलेला समुद्र

मंगळवार, तारीख नऊ

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझी बायको तिकडे राहायला कधी येते, असं तू प्रत्येक पत्रात विचारतोस. सांगते. पण आधी तिच्या चित्राचं ऐक, गावात सध्या दुसरा विषय नाही.

धक्क्यावर लाँचची वाट बघत बसतात ती खोली तुला आठवत असेल. तिची अख्खी भिंत सूनबाईने रंगवली. भिंतीवर आपलं गाव. होड्यांवर मासे-पाखरं काढणाऱ्या बापाची लेक ती, हातही तसाच. सावली नाही, लांबचं लहान नाही. ज्याच्यावर जीव, तो मोठा. पाववाला दीपस्तंभापेक्षा उंच आहे. का म्हणून विचारलं, तर म्हणे, "सकाळी उठून आपण दिवा शोधतो की पाव?" जाळी विणणाऱ्या बायका आहेत, दात उपटणारा डॉक्टर आहे, मी आहे. मला ताठ कंबरेची काढलीय, तेवढीच काय ती लबाडी.

सगळे मावले आणि मग लक्षात आलं, समुद्राला जागाच उरली नाही. लाँचवाला पोट धरून हसला. "वहिनी, गाव डोंगरावर नेलंत की काय?" मी कपाळाला हात लावला. ही मात्र शांत. "माणसं पुसायची नाहीत," म्हणाली, बादलीभर निळा रंग कालवला आणि समुद्र खाली फरशीवर काढायला बसली. तो पार तिकिटाच्या खिडकीपर्यंत आला.

आता गंमत बघ. कोणी पाटी लावलेली नाही, पण त्या पाण्यावर कोणी पाय ठेवत नाही. बोचकी सावरत माणसं भिंतीच्या कडेकडेने तिकिटाला जातात. लाँचवालासुद्धा. घरची म्हणून सांगत नाही, पण मी तिथल्या बाकावर बसून रडले. उभा जन्म इथे गेला, आणि गाव एवढं देखणं आहे हे मला तिने दाखवलं.

बरं. चित्र बाकी आहे म्हणून ती थांबलीय, असं मी लिहीत आले. चित्र कधीच पुरं झालं. ती येणार नाही.

तुझ्यावर तिचा राग नाही, उलट जीव आहे. म्हणून तर तुला हे कळवायला कागद पुढ्यात घेऊन बसते आणि न लिहिताच उठते. तुझ्या त्या आठव्या मजल्यावर महिनाभर राहून आली, तेव्हा मी सगळ्यात आधी तिची बोटं पाहिली. नखांत रंगाचा ठिपका नव्हता. तू म्हणालास, छान रमली होती. रमली नव्हती रे, गप्प झाली होती.

इथल्या होड्या दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्रीची जागा निघालीय. पगार तिथल्यापेक्षा कमी. ये असा हट्ट मी धरत नाही, तुझं तू ठरव. फक्त तिची समजूत घालायला मला सांगू नकोस. मी घालणार नाही.

तुझीच आई,
पण या बाबतीत आधी तिची सासू