फणी बाजूला ठेवली तेव्हा

प्रिय ताई,

तू गेल्यावर लिहितेय, म्हणजे टपालात टाकायचा प्रश्नच नाही.

पार्लरमध्ये बायकांचे केस विंचरता विंचरता मी त्यांना येशूबद्दल सांगते. तू हसायचीस, "बिचारी गिऱ्हाइकं, खुर्चीतून पळणार कुठे?"

त्या दुपारी हॉस्पिटलात तू म्हणालीस, "आज येशू राहू दे गं. नुसते केस विंचर." मला वाटलं, आत्ता नाही तर कधी? मी फणी बाजूला ठेवली, हात जोडले, डोळे मिटून तुझ्यासाठी देवाशी भांडले. डोळे उघडले, तर तू गेली होतीस.

केसांतला गुंता तसाच घेऊन गेलीस, ताई. माझ्या जागी येशू असता, तर त्यानं आधी फणी उचलली असती.

तुझीच,
बडबडी धाकटी