दुमडलेल्या कोपऱ्याची चिठ्ठी

आई, मी इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या एका घरासमोर गाडी लावून बसले आहे. घर अजून आमचं नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीतल्या बाई आज दुपारी दोनपर्यंत फोन करून हो की नाही ते सांगणार आहेत. नाही म्हणाल्या तर आमच्या मागे आणखी एक जोडपं रांगेत उभं आहे, घर त्यांना जाईल. ऑफिसमध्ये बसून वाट पाहवेना, म्हणून जेवणाची सुट्टी घेऊन इथे आले आणि पर्समधली वही काढली. काचा बंद ठेवल्यात. इथे या दिवसांत पाइनच्या झाडांचे पराग उडतात, सगळीकडे पिवळी पूड पसरते, गाड्यांवर, पायऱ्यांवर, टपालपेटीवर. समोरचं घर पण तसंच पिवळं झालंय, हळद लागल्यासारखं. उन्हात ते थोडं तरंगल्यासारखं दिसतंय. आत कोणी राहत नाही. तरी मला आत तू दिसतेस.

हे तुला सांगायला हवं. गेल्या वर्षभरात आम्ही इतकी घरं पाहिली की मोजणं सोडून दिलं, आणि प्रत्येक घरात मी तुला आधी पाठवते. एजंट नवऱ्याला छताचं वय सांगत असते, मी मागे रेंगाळते, आणि तू पुढे चालत असतेस, पदर खोचून. नळ सोडून पाहतेस. कपाटं उघडून वास घेतेस. एका घरात स्वयंपाकघरात गालिचा होता, तिथून तू उंबऱ्यावरूनच परत फिरलीस. दुसऱ्या एका घरात म्हणालीस, "एवढी चार न्हाणीघरं? धुणार कोण?" तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, पण तुझी नावं ठेवायची सवय काही गेली नाही. या घरात मात्र तू बोललीच नाहीस. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, आणि आम्ही सकाळी पाहायला आलो तेव्हा ऊन फरशीवर लांबलचक पडलं होतं. तू त्या उन्हात जाऊन बसलीस, मांडीवर ताट घेऊन, मेथी निवडत. एजंट निघाली, आम्ही निघालो, तू उठलीच नाहीस. गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, हेच घर. तो म्हणाला, "अगं, निदान किंमत तरी विचार."

किंमत झेपण्यासारखी होती, अडचण आमच्या पराक्रमाची होती. इथे प्रत्येक माणसाची पत मोजणारा एक आकडा असतो, आई, दहावीच्या मार्कांसारखा, फक्त परीक्षा कधी संपत नाही. आम्ही दोघंही शिक्षणाचं कर्ज काढून इथे आलो, ते अजून फेडतोय, शिवाय गाडीचं आहेच. नवरा नागपूरचा, त्याच्या घरी कर्ज म्हणजे घरात आलेला साप. घर घ्यायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, आधी सगळं स्वच्छ करून टाकू. दसऱ्याच्या दिवशी आम्ही देवापुढे बसून आपट्याची पानं म्हणून कोणत्या तरी झाडाची पानं ठेवली, आणि पाचांपैकी चार क्रेडिट कार्डं फोन करून कायमची बंद केली. कात्रीने कापली. तुकड्यांवर मी हळदकुंकूसुद्धा वाहिलं, हसू नकोस. मग उरलेल्या एका कार्डावर, सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं म्हणून, नागपूरची तिकिटं घेतली. कर्जाच्या बाईंनी आमचा आकडा पाहिला आणि विचारलं की ही चार कार्डं का बंद केली? नवरा अभिमानाने म्हणाला, सीमोल्लंघन. अर्थात इंग्रजीत काहीतरी दुसरंच म्हणाला. बाईंनी शांतपणे समजावलं की कार्डं नुसती पडून असती तर बरं झालं असतं. आता असलेलं एकच कार्ड काठोकाठ भरलेलं दिसतंय, आणि म्हणून आकडा कोसळलाय. हेच घर हवं असेल तर सुरुवातीला जास्त रक्कम भरावी लागेल. घरी येताना नवरा म्हणाला, "यार, आयुष्यभर कर्जाला घाबरलो, आणि त्याचीच शिक्षा." मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण हळदकुंकू मीच वाहिलं होतं.

आता भिशीचं सांगते. हो, इथेही भिशी आहे, आणि ती तुझ्यामुळे आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मित्रमंडळींत मीच ही गोष्ट काढली. दहा घरं, दहा महिने, दर महिन्याला प्रत्येकाने सारखी रक्कम घालायची आणि चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलायची. कागद नाही, करार नाही. ठाण्याची एक मैत्रीण चिठ्ठ्या सांभाळते आणि तिची पाच वर्षांची मुलगी उचलते, कारण भिशीची चिठ्ठी लहान मुलीनेच उचलायची, हा नियमसुद्धा मी तुझाच सांगितला.

तुझा डबा मला अजून दिसतो. पोह्यांचा रिकामा, झाकणाला पोचा आलेला. नाशिकच्या आपल्या कॉलनीतल्या बायका दुसऱ्या शनिवारी आपल्या पुढच्या खोलीत बसलेल्या आहेत, तू पोस्टातून अर्ध्या दिवसाने परत येऊन साडीसुद्धा न बदलता सगळ्यांना चहा दिला आहेस. पोस्टाच्या काउंटरवर तू इतकी काटेकोर होतीस की एकदा माझ्या शाळेच्या पत्राला सरकारी डिंक लावला म्हणून बाबांना दोन दिवस ऐकवलंस. आणि त्या शनिवारी, बायका यायच्या आधी, तू मला स्वयंपाकघरात ओढलंस. मी नऊ वर्षांची. म्हणालीस, "आज जिचा कोपरा दुमडलाय ना, ती चिठ्ठी काढायची." मी म्हटलं, ही तर चीटिंग आहे. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की बोटं उमटली. "समोरच्या काकूंच्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलंय. मुलाची फी भरायचीय. ती मागणार नाही, मेली तरी. आणि मागायला लावलं की माणूस कायमचं वाकतं. नशिबाने मिळालं तर नाही वाकत. कळलं? आणि यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर बघ." मी रडत रडत हो म्हटलं. मग बाहेर येऊन, बोटांनी चिठ्ठ्या चाचपून, दुमडलेला कोपरा शोधला. काकूंचं नाव वाचल्यावर त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. तू चहाचे कप गोळा करत होतीस, तुझा चेहरा एकदम कोरा होता. जन्मात एकदा खोटं वागलीस आणि किती सफाईने.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या मैत्रिणीकडे आम्ही सगळे जमलो होतो. घरामागच्या लाकडी डेकवर ऊन होतं, मुलं खाली गवतात. सगळ्यांना आमच्या घराची भानगड ठाऊक होती, कार्डं कापल्यावरून यथेच्छ चेष्टाही झाली होती. कुणाकडे पैसे मागायचं माझ्या मनातही नव्हतं. भिशीच्या या फेरीचा तो चौथा महिना. छोटीने वाडग्यात हात घातला, बराच वेळ काहीतरी चाचपलं, आणि मग आईकडे बघून विचारलं, "मम्मा, धिस वन?" मैत्रीण घाईघाईने म्हणाली, "अगं कुठलीही काढ, पटकन!" छोटीने चिठ्ठी वर काढली. आमचं नाव. सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या, कोणीतरी नवऱ्याची पाठ थोपटली. मी चिठ्ठी हातात घेतली. कोपरा दुमडलेला होता, अगदी आपल्यासारखा, कानासारखा. आई, क्षणभर डेक, गवत, ती माणसं सगळं दूर गेलं आणि मला नाशिकच्या चहाचा वास आला. तुझा हा प्रकार मी तिला कधीच सांगितलेला नाही. म्हणजे तिला तो आपला आपणच सुचला. मला एकाच वेळी रडू आलं आणि लाजही वाटली, कारण त्या दहा घरांत आणखी दोघं घर शोधताहेत आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी वर पाहिलं. मैत्रीण कप गोळा करत होती.

पैसे खात्यात भरले आणि आठवड्यात कर्जाच्या बाईंचा फोन. एवढी मोठी रक्कम अचानक कुठून आली? मी भिशी समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, ही भेट आहे की कर्ज? भेट असेल तर देणाऱ्याने परत नको असं लिहून द्यायचं. मित्र लगेच पुढे झाले. एक जण म्हणाला, "गिफ्ट म्हणून लिहून देतो ना यार, सगळेच करतात. लेटर साइन केलं की विषय क्लोज." नवऱ्यालाही ते पटलं होतं. "अगं, घर जाईल हातचं," तो म्हणाला. पण उरलेले सहा हप्ते तर आम्हाला भरायचे आहेतच. परत नको, असं कसं लिहायचं? आमचं तेव्हा चांगलंच वाजलं. तो म्हणाला, तुला एवढं सोवळं आत्ताच सुचायचं होतं? दुमडलेली चिठ्ठी मी निमूट घेतली होती, आणि या कागदावर सही मात्र चालत नव्हती. काउंटरमागे बसलेली तू मला डिंकाची बाटली दाखवत होतीस, एवढंच खरं. शेवटी मी एक पानभर पत्र लिहिलं: ही भिशी, ही माणसं, हे राहिलेले सहा हप्ते, तेही आमच्या कर्जांत धरा. नवऱ्याने ते तीनदा वाचलं, एक स्पेलिंग सुधारलं, आणि स्वतःच पाठवून दिलं. ते हप्ते धरून आमच्या पगारातून पुरेसं उरतं की नाही, हेच त्या बाई आज सांगणार आहेत.

दीड वाजून गेलाय. खिडकीतलं ऊन आता सरकलं असेल. तू भिंतीला टेकून बसली असशील, मेथी निवडून झाली असेल. एक खार टपालपेटीवर चढून पिवळे पाय उमटवून गेली.

आला फोन. हो म्हणाल्या. अगदी काठावर, पण हो. नवऱ्याला सांगितलं तर तो ऑफिसच्या जिन्यात बसून रडला म्हणे. मग ठाण्याच्या मैत्रिणीला फोन केला. ती किंचाळली, आणि मग म्हणाली, "बघ, तुझ्या नशिबातच होतं ते घर. चिठ्ठी काय वेळेवर निघाली!" आई, माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. थँक्यू, मला कळलंय, कोपरा मी पाहिला. पण मी म्हटलं, "हो गं, छोटीच्या हाताला यश आहे." पलीकडे ती इतकी खूश झाली की तिचा श्वास मला ऐकू आला.

हे शहाणपण मला उशिरा आलं. तुला आठवतं, त्या भिशीनंतर समोरच्या काकू हळूहळू बदलल्या. प्रत्येक हप्ता तारखेच्या आधी आणून दिला, दारातूनच. पुढच्या वर्षी भिशीत आल्या नाहीत. संक्रांतीला तू बोलावलंस तर बरं नाही म्हणाल्या, आणि तुला 'अगं' म्हणायच्या त्या 'अहो' म्हणायला लागल्या. तुझी जिवाभावाची एकच मैत्रीण होती. शेवटी दवाखान्यातसुद्धा तू छताकडे बघत म्हणाली होतीस, "तिला कळलं कसं, कोण जाणे." मी तुझे पाय चेपत होते. मी म्हटलं, झोप आता.

ही वही मी गाडीच्या खणात टाकून देणार आहे, पाठवायला पत्ता तरी कुठे आहे. पण आता आम्ही इथे राहायला यायच्या आधी, तू त्या खिडकीखाली बसली आहेस तोवर, सांगून टाकते. त्या भिशीच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला शंकरपाळ्या दिल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, किती गुणाचा गं हा हात, माझंच नाव काढलंस. मला वाटलं, हे श्रेय तुझं आहे, ते तुला मिळायला हवं. तोंडात घास होता, आई, तरी मी त्यांना कोपऱ्याचं सांगितलं.