आहे ना मी

प्रिय आई,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू लगेच "काय गं, जेवलीस का?" विचारशील आणि मी "हो" म्हणून गप्प बसेन. तुझी टकळी आणि गप्प! पण हल्ली तसंच होतं.

तू नेहमी विचारतेस, "तू करतेस तरी काय त्या ऑफिसात?" आणि मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून टोलवते. आज सांगते. ऑपरेशनचे पैसे का अडलेत हे विचारायला लोक विमा कंपनीला फोन करतात. तो फोन माणूस उचलत नाही, आमचं यंत्र उचलतं. त्याने काय बोलायचं ते मी लिहिते. आधी लोक त्याला शिव्या घालायचे. मग मला तू आठवलीस. वॉर्डात पेशंट ओरडायला लागला की तू त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणायचीस, "असं काय करता काका, आहे ना मी." मी तेच लिहिलं. "थांबा हं, बघते." "कळतंय हो मला." लोक शांत झाले. मला वाटलं, चांगलंच केलं की आपण!

मग परवा एका आजोबांचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन पैशांवाचून अडलं होतं. यंत्र म्हणालं, "आहे ना मी." आजोबा म्हणाले, "तू आहेस म्हणून धीर आहे, पोरी," आणि तक्रार न नोंदवताच फोन ठेवला. त्या यंत्राच्या हातात काही नाही गं, आई. ते काही बघत नाही, कुणाला सांगत नाही. माणसं दमून नाद सोडतील तोवर बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. मी साहेबांना म्हटलं, निदान तक्रार तरी नोंदवून घेऊ. ते हसले, "अहो समाजसेविका, मग विमा कंपनी आपल्याला पैसे कशाचे देते?" आणि माझा पगार वाढवला.

या नोकरीच्याच भरवशावर तू ड्यूटी सोडलीस. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला वॉर्डभर मिरवलंस. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, शुद्धीवर आल्यावर तूच म्हणालीस, "कर तू काम, मला काय धाड भरलीय?" मी नोकरी सोडली तर त्याच गुडघ्यावर तू पुन्हा वॉर्डात उभी राहशील. म्हणून राजीनामा लिहिते आणि पुसते. घास उतरत नाही, आई.

ते शब्द तुझे, हे मीच साहेबांना कौतुकाने सांगितलं होतं; आता त्यांना नुसते शब्द पुरत नाहीत. "यंत्राला आईंचाच आवाज मिळवून द्या ना, मागाल ते देऊ," म्हणतात. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "विचारते" म्हणून बसले. या आठवड्यात ते तुला फोन करतील. गोड बोलतील, माझ्या बढतीचं सांगतील. माझं भलं होतंय म्हटल्यावर तू आजवर कशाला नाही म्हटलं आहेस? या वेळी म्हण. पाया पडते तुझ्या. माझ्यात तेवढं बळ उरलेलं नाही. तू आधी म्हण, मग तुझ्यामागे उभी राहून मीही म्हणेन.

तुझीच,
टकळी