तळ्यातली गौर

चिखली, श्रावण वद्य, सन १९५४

राजमान्य राजेश्री दत्तोबा दाजी यांस मालोजीचा कोपरापासून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे. का धरली ते पुढं वाचा.) तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. मेहुण्याच्या गावात आग लावून खडकीत स्वस्थ झोपणाऱ्याला काय धाड भरलीय?

गेल्या गौरींना तुम्ही तुमच्या साहेबाच्या बागेतल्या हौदातलं ते जांभळ्या फुलांचं झाड बादलीतून आणलंत. जलपर्णी म्हणे. मंजुळेनं कौतुकानं गौरीपुढं ठेवलं. (कौतुकाची हिला भारी हौस, तुमचंही करते.) तिसऱ्या दिवशी गौरी बोळवल्या. पूजेतलं उकिरड्यावर टाकायचं नसतं, म्हणून हिनं ते झाडही गौरीबरोबर तळ्यात सोडलं.

होळीपर्यंत तळं दिसेनासं झालं. सयाजी पाटलाची म्हैस त्याला कुरण समजून शिरली आणि मुळ्यांत अडकली. दोर लावून ओढताना माझी कंबर गेली. म्हैस वाचली, मी मेलो. गावानं ठरवलं, गौरी बसायच्या आत तळं साफ कर, नाहीतर तुझ्या म्हशींना गावच्या पाण्यावर बंदी. दाजी, माझं घर दुधावर चालतं हो!

गडी मिळत नाही, सगळे पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर. म्हणून सकाळभर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी एकटा उपसतो. आणि संध्याकाळी पाटलाची आई यशोदाबाई बायका घेऊन येते, काठावरच्या ढिगाला हळदकुंकू वाहते आणि सगळं परत पाण्यात सोडते! मी आडवा गेलो तर म्हणाली, "गौरीसंगं गेलेलं हाय ते. उकिरड्यावर टाकतोस व्हय?" पाटील आईपुढं तोंड उघडत नाही. मला म्हणतो, तुझं तू बघ. आता काय बघू, कपाळ?

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, तुम्हांस काही नाही.

मालोजी

ता. क. इंदुअक्काला घेऊन ताबडतोब या. बायका तिचं ऐकतात. तिनं एवढंच सांगायचं, की गौर स्वप्नात आली आणि म्हणाली, पाण्यात राहून गारठले, मला मालोजीच्या शेतात पोचवा. खताचंही बघितल्यासारखं होईल.

आणखी ता. क. पत्र आणणारे शौकतभाई टांग्यातून एक बादलीही उतरवतील. मंजुळेनं अक्काला माहेरची भेट म्हणून तळ्यातली तीच झाडं दिली आहेत. मी अडवलं नाही. गौरीची आहेत, उकिरड्यावर टाकायची नाहीत. तुमच्या परसात विहीर आहेच.