ओळखवर्गातली सही

प्रिय ठकू,

तुमचा तो ओळखवर्ग शेवटच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून पाहिला. पाहुणी म्हणून बोलावलं नसतं तर तिथे पायही ठेवला नसता. डिस्पॅचर होऊ पाहणाऱ्यांसाठी ऐच्छिक आठवडा म्हणे! म्हणजे खरा अभ्यासक्रम सुरू होण्याआधी पोरांच्या हातात गुळगुळीत फायली द्यायच्या, गटाने फोटो काढायचे आणि त्यांना हुरळवून सोडायचं. तुमच्या सरांनी उभ्या जन्मात एक विमान मार्गी लावलेलं नाही, पण खांद्यावर पट्ट्या मिरवतात. परवाचा हवामानाचा नकाशा भिंतीवर टाकून त्यावर आजची वाट आखत होते, आणि तुम्ही सगळे माना डोलावत होतात. मी रुमालाआड हसून घेतलं.

आमचं काम तुला ठाऊक आहे. जमिनीवर बसून विमानाची वाट आणि इंधन ठरवायचं. कागदावर कॅप्टनची आणि आपली, दोन्ही सह्या लागतात. एकाने हात आखडला की विमान जागचं हलत नाही. बाकी सगळं शिकवता येतं, हात आखडणं येत नाही. त्या भुक्कड आठवड्यात चुकून तेवढीच एक कामाची गोष्ट झाली. सर खोटे कॅप्टन झाले; पुढे धुकं, इंधन बेताचं, आणि एकेकाकडे सही मागू लागले. बाकीच्यांनी आकडे न बघताच सह्या ठोकल्या. तू आकडे पाहिलेस, इंधन पुरणार नाही असं पुटपुटलीसही. मग सरांनी थेट तुझ्या बाबांसारखा आवाज चढवला आणि तू मान खाली घालून सही केलीस. मला तुझा राग आला. जेवणाच्या टेबलावर तुझा हाच चेहरा मी तू लहान असल्यापासून पाहतेय. नंतर जिन्यात तू म्हणालीस की तुला हे काम नकोच आहे, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईंच्या हाताखाली शिकायचंय, पण हे बाबांना सांगू नकोस.

सांगितलं नाही. पण काल दादाचा, तुझ्या बाबांचा, फोन आला. तुला त्या खऱ्या अभ्यासक्रमात घालायला त्याला माझी शिफारस हवी होती. मी नाही म्हणाले. निवृत्त झाला तरी कॅप्टनच तो, नकार ऐकायची सवय नाही; फोन आपटला. आता रविवारी तो प्रवेशाचा अर्ज घेऊन तुझ्या खोलीवर येणार आहे, म्हणून हे घाईने लिहितेय. तो ओरडेल. ओरडू दे. सही करू नकोस आणि कवळ्यांचं तूच सांग. मी येणार नाही, कारण मी असले की तू माझ्या तोंडाकडे बघशील. तू त्याला एकदा नाही म्हणालीस, की त्या टुकार वर्गाच्या दारात जाऊन मी तुमच्या सरांना त्या सहीच्या खेळाबद्दल वाकून नमस्कार करीन.

तुझीच,
भांडखोर आत्या