भालेवालीचे गुडघे

प्रिय बाबा,

'आभारी आहे, पुढच्या चित्रात सुधारतो' असं लिहून मी आत्ताच पाठवलं. तुमच्या फोनवरून, तुमच्या नावानं. तुम्ही जाऊन तीन महिने झाले आणि त्या ग्रुपवर तुम्ही अजून लोकांचे आभार मानता आहात.

लगेच उत्तर आलं. "काका, सुधारतो सुधारतो म्हणता, पण चित्र कुठंय? भालेवालीची वाट पाहतोय आम्ही."

मला चित्र काढता येत नाही, बाबा. इथवर निभावलं, कारण खोटं शब्दांचं होतं. यापुढे जमणार नाही. म्हणून हे पत्र. आधी कुणाला सांगावं हे सुचेना, तेव्हा तुम्हालाच सांगते आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि मी तुमचा फोन बंद करायला घेतला. त्यावर ग्रुपचे निरोप साचले होते. सगळी हौशी माणसं. कार्टूनमधल्या, गेममधल्या आवडत्या पात्रांची चित्रं काढायची, तिथे टाकायची, एकमेकांच्या चुका सांगायच्या. कुणीतरी विचारलं होतं, "काका गप्प का?" मी 'काका गेले' असं लिहायला बसले आणि लिहिलं, 'तब्येत बरी नव्हती.'

का लिहिलं? घरात, गावात, रेल्वेच्या पेन्शनच्या कागदांत, सगळीकडे तुम्ही गेला होतात. तेवढी एकच जागा उरली होती जिथे नव्हता गेलात. दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ लिहिली. मग सवय झाली.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी आर्याला तुमच्याकडे गावी ठेवलं होतं. तुमची नात दिवसभर फोनवर ते कार्टून पाहायची. भाला घेऊन दलदलीतून हिंडणारी एक मुलगी. तिचं नाव तुम्हाला काही उच्चारता येईना. तुम्ही तिला भालेवाली म्हणायला लागलात. शाळा उघडली, आर्या गोंदियाला परत आली, आणि तुम्ही एकटेच पुढचे भाग पाहत राहिलात. मग वहीत तिला काढू लागलात.

"बाबा, लहान पोरांचं आहे ते," मी म्हणाले.

"मंग? पोराइचं हाय तं पाहू नये का? मोठ्या माणसाइचं पाहून मी कोनता सुधरलो?"

आईला तुम्ही अंगणात उभं करायचात. हातात बांबूची काठी. स्वतः दहा पावलं लांब, एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरून.

"हात वर कर. अजून वर."

"कायले उभी करून राहिले मले? तिकडं भात करपून राहिला."

"दोन मिनटं."

"तुमची ते भालेवाली जेवत नाई का?"

तुम्हाला हसू आलं नाही. तुम्ही मापं घेत होतात.

ग्रुपवर 'रेषावेडा' नावाचा एक जण होता. चित्रकला शिकणारा, कुठल्याशा मोठ्या शहरातला. त्यानं तुम्हाला पुष्कळ शिकवलं, हे मान्य करायला हवं. आधी तुमची भालेवाली खुंटीसारखी उभी राहायची. त्यानं सांगितलं, काका, भार एका पायावर द्या, दुसरा सैल सोडा. त्या दिवसापासून ती माणसासारखी उभी राहू लागली. पंजा चेहऱ्याएवढा असतो, असंही त्यानंच सांगितलं. त्या रविवारी तुम्ही मला, आईला आणि चहाला आलेल्या शेजाऱ्यांना पंजा तोंडावर ठेवायला लावलात. शेजाऱ्यांचा पंजा हनुवटीखाली उतरला. तुम्ही त्यांच्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "तुमी चुकीचे बनले हा."

किती हसलो होतो आपण!

मग ते वाकण्याचं चित्र आलं.

भालेवालीचा भाला दलदलीत पडतो आणि ती तो उचलायला वाकते. तुम्ही तिला कमरेतून वाकवलं. पाठ सपाट, पाय काठ्यांसारखे सरळ, हात पाण्यात. ग्रुपवर टाकलंत. रेषावेड्यानं त्यावर तांबड्या रेघा मारून परत पाठवलं. "काका, माणूस असा वाकत नाही. गुडघे दुमडले पाहिजेत, नाहीतर ती तोंडावर पडेल." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकानं लिहिलं, "भालेवाली आहे की घडीची खुर्ची?"

तुम्ही मला फोन केलात. मी कॉलेजात, स्टाफरूममध्ये होते. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"बाई, एक विचारतो. टोंगळे न वाकवता मानूस खाली वाकते का नाई?"

"म्हणजे?"

"हे पोरगं म्हणते गुडघे वाकल्याबिगर वाकताच येत नाई. मी तं असंच पायलो."

"बाबा, ते शिकलेले लोक आहेत. ऐका त्यांचं."

"हाव?"

"हो."

"बरं. ठेवतो."

एवढंच बोलणं. मिनिटभराचं.

तुम्ही रेल्वेत चाबीवाले होतात. दरेकसा आणि सालेकसा यांच्यामधल्या तुमच्या हद्दीत रोज रुळांवरून चालायचं, सैल झालेली चाबी दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. तीस पावसाळे तुम्ही त्या उंचीवरून रोवणा पाहिला. धानाची रोपं लावणाऱ्या बायांच्या रांगा, कमरेतून वाकलेल्या, पाय चिखलात सरळ. गुडघे दुमडले तर चिखलातून पाऊल मागे काढता येत नाही. तासन्‌तास त्या तशाच वाकतात. तुमच्याइतकं ते वाकणं त्या ग्रुपवर कुणी पाहिलं असेल?

आणि मी? बारावीपर्यंत मी स्वतः रोवणा केला आहे, बाबा. आईच्या शेजारी, त्याच रांगेत. माझ्या कमरेला ते पाठ आहे. मी विसरले नव्हते. फोनवर तुम्ही विचारलंत, तेव्हाही मला ठाऊक होतं.

मग तसं का बोलले?

शेजारच्या खुर्चीवर सहकारी बसले होते. माझा निवृत्त बाप कार्टूनमधल्या मुलीचे पाय कसे काढावेत हे मला विचारतो आहे, हे त्यांना ऐकू जाऊ नये, एवढंच मनात होतं. फोन लवकर संपावा म्हणून मी हो म्हटलं. दुसरं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. एम.ए.ला असताना सुट्टीत घरी आले की मी तुमचं 'पायलो' सुधारायची. पाहिलं म्हणा बाबा, पाहिलं. तुम्ही माझ्यासमोर चार दिवस 'पाहिलं' म्हणायचात. तेव्हा तुम्ही मला एकदा झापायला हवं होतंत. का नाही झापलंत?

तुम्ही चित्र खोडलंत. पुन्हा काढलंत, पुन्हा खोडलंत. कागद पातळ होऊन एका जागी फाटला, मग नवं पान घेतलंत. शेवटच्या चित्रात भालेवालीचे गुडघे नीट दुमडले आहेत. ग्रुपवर वाहवा झाली. "आता जमलं काका!" तुम्ही उत्तर दिलंत, "आता बरोबर वाटते." चौथ्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं. गाडी गोंदियाला पोचायच्या आत तुम्ही गेलात.

परवापर्यंत मला एवढंच ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आले आहे. परवा दुपारी ओसरीवर तुमचा फोन घेऊन बसले होते. आई धान कापून आली होती. म्हणाली, "दाखव, शेवटी काय काढलं होतं त्याईनं."

फोन लांब धरून तिनं पाहिलं.

"हे पोरगी काऊन बसून राहिली? संडासले बसली का?"

"वाकली आहे, आई. भाला उचलते."

"अशी वाकत असते का? घंटाभरात मरंन ते."

मग तिनं सांगितलं. माझ्याशी फोनवर बोललात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या बांधीवर गेलात. आई तिथेच रोवण्याला होती. तुम्ही कडेच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन उभे राहिलात आणि वाकलेल्या बायांकडे टक लावून पाहू लागलात. एकीनं हटकलं, "काय पाहून राहिले बुवा?" तुम्ही सरळ सांगितलंत, "टोंगळे." हसणं पार पलीकडच्या बांधीपर्यंत गेलं म्हणे. आईला मान वर करायची लाज वाटली. तुम्ही हलला नाहीत.

संध्याकाळी आईनं तुम्हाला धारेवर धरलं. तुम्ही तिला म्हणालात, "मले तं सरळच दिसले. पन बाई म्हणते तसं नसते. ते शिकलेली हाय, ते खोटं कायले सांगंन? माझीच नजर गेली आता." आणि खोडरबर घेऊन बसलात.

हे सांगताना आईला काही वेगळं वाटलं नाही. ती हातपाय धुवायला उठली.

बाबा, दुसऱ्यांदा फोन का नाही केलात? मी धुऱ्यावर उभा आहे, बाई, आणि तू खोटं बोलतेस, एवढं एकदा म्हणायचं होतं! डोळ्यांसमोर बाया वाकलेल्या, आणि तुम्ही विश्वास ठेवलात तो माझ्या एका 'हो'वर. माझ्यासाठी तुम्ही स्वतःची नजर अधू ठरवलीत. असं कुणी करतं का?

त्या ग्रुपवर मला राग काढता येत नाही. त्यांनी चिखल पाहिलेला नाही. ते जे शिकले ते त्यांनी सांगितलं. मी चिखलात उभी राहिले होते.

आणि तीन महिने मी त्यांचे आभार मानत राहिले. तुमच्या नावानं. म्हणजे तुम्हाला रोज पुन्हा चूक ठरवत राहिले.

उद्या उजाडलं की मी ग्रुपवर लिहीन. तुम्ही गेलात हे. तेव्हापासूनचं सगळं मी लिहिलं हे. आणि तुमचं पहिलं चित्र बरोबर होतं, ते चूक ठरवण्यात मीही होते, हे. तांबड्या रेघांसकट ते चित्र अजून तिथे आहे. तेच पुन्हा सगळ्यांसमोर ठेवीन. ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. हा शब्द मी तुम्हाला देते. तो नाही पाळला तर पुन्हा तुम्हाला पत्र लिहिणार नाही, कारण तेवढा हक्क मला उरणार नाही.

तुमची,
प्रज्ञा

ता. क. सकाळी सव्वासहाला सगळं लिहून पाठवलं. पहिलं उत्तर आलं, "काका, असली मस्करी नका करू." मी पुन्हा लिहिलं की ही मस्करी नाही, मी त्यांची मुलगी आहे. दोघा-तिघांनी श्रद्धांजली लिहिली. एकीनं लिहिलं, "मेलेल्या बापाच्या नावानं आमच्याशी बोलत होतात? शरम वाटायला हवी." तिला मी हो म्हटलं. दोन तासांनी रेषावेड्याचा निरोप आला. त्यानं एवढंच विचारलं, "तसं वाकल्यावर शरीराचा भार टाचेवर असतो की चवड्यावर?" मला सांगता येईना. आई विळा घेऊन निघाली होती, तिला विचारलं. तिनं विळा खाली ठेवला, अंगणात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आंगठ्यावर. आंगठा रोवला नाई तं मानूस पालथा पडते." मी तिचे शब्द जसेच्या तसे पाठवले. आई धान कापायला गेली.