भेगेवरची काच

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: बारावीच्या पोरांना मुख्य निष्कर्ष आणि मधला निष्कर्ष यांतला फरक शिकवणारच. अख्ख्या अलेक्झांड्रियात माझ्यासारखा तर्कशास्त्राचा मास्तर नाही. नियम सोपा आहे. प्रत्येक विधानाला 'बरं, मग?' विचारत जायचं. ज्याच्यापुढे 'मग' उरत नाही तो मुख्य, बाकीचे वाटेतले. पोरं वाटेतच उतरतात. गाढवं.

जिन्यातली भेग रुंदावलीय म्हणे. इंजिनिअर तिच्यावर आडवी काच चिकटवून गेला. भिंत हलली तर काच तुटेल.

९ जानेवारी
समुद्राकडून वादळ. सकाळी काच तुटलेली. नगवा म्हणाली, काच तुटली म्हणजे भेग वाढतेय, म्हणजे इमारत खचतेय. काच तुटली हे ताबडतोब मान्य केलं. पातळच होती. जाड आणून बसवली. बायकोचं ऐकणारा नवरा आहे मी.

१४ जानेवारी
जाड काचही तुटली. हल्ली मालच खराब.
बेडरूमचं दार लागेना. नगवा म्हणाली, चौकट वाकलीय. पटलं. सुताराला बोलावून दार तासून घेतलं. झकास लागतं आता. काम करताना तो सारखा छताकडे बघत होता, चहालाही थांबला नाही. कामात लक्षच नसतं कुणाचं.

१८ जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या हाज्जा इन्शिराह आजी सामानसुमान घेऊन लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, मास्तर, भिंती बोलायला लागल्यात, बायकोला घेऊन निघा बाबा. म्हातारपणी कान वाजतात. आवाज मलाही येतो, भिंतीच्या आत वाळू सांडल्यासारखा. पण तो आवाज आहे, निष्कर्ष नव्हे.

२१ जानेवारी
वर्गात मुख्य निष्कर्षावर अप्रतिम लेक्चर झालं. घरी आलो तर नगवा बॅग भरतेय. म्हणाली, इमारत खचतेय, म्हणून घर सोडायचं, चला. मी शांतपणे म्हटलं, खचतेय हे मान्यच आहे, या शहरात कुठली खचत नाही? त्यावर म्हणाली, डोकं शाळेतच ठेवून येता का? आणि तांता शहरात बहिणीकडे निघून गेली. रुसलीय.
अंडं उकडून खाल्लं. भीती वाटली. पण भीती हा काही पुरावा नव्हे.

२६ जानेवारी
इमारतीत मी एकटाच. नळ कोरडा. स्वयंपाकघराची फरशी मधे उचलली गेलीय, तिच्यावर सतरंजी टाकली. उद्या तांताला जाऊन नगवाला परत आणायचं. सगळे मुद्दे तयार आहेत.

२७ जानेवारी, तांता
मी पोचलो आणि साडूंचा फोन वाजला. आमची इमारत पडली. आत कुणी नव्हतं. मी तिथेच बसलो.
मग लक्षात आलं, आता भांडणच मिटलं. नगवाला मोठ्या मनाने म्हटलं, तुझंच खरं, घर सोडायचं हाच मुख्य निष्कर्ष होता, मी चुकलो. आता भाड्याने दुसरं घर बघू.
 ती म्हणाली, तोही वाटेतलाच होता हो. मी दारात उभी राहून चला चला म्हणत होते, आणि तुम्ही आज मला त्याच छताखाली परत न्यायला आलात. म्हणून मी आता तुमच्याबरोबर राहणार नाही.
आवाजही चढवला नाही तिने. यापुढे 'मग' उरत नव्हतं.
मघाशी साडू येऊन गेले. विचारत होते, मास्तर, आज उतरणार कुठे?